पिक्ट लोक गायब झाले नव्हते

इ.स. ६८५ च्या २० मे रोजी, शनिवारी, नॉर्थम्ब्रियाचा, म्हणजे मुख्यतः आजच्या उत्तर इंग्लंडमधल्या राज्याचा, राजा एजफ्रिथ आजच्या स्कॉटलंडमध्ये मारला गेला. त्या काळच्या ब्रिटनमधल्या सर्वांत बलाढ्य राजांपैकी तो एक. फौज घेऊन तो उत्तरेत घुसला. समोरच्यांनी पळ काढल्याचं सोंग केलं, त्याला डोंगरांमधल्या अडचणीच्या जागी ओढत नेलं आणि तिथे ते उलटले. राजा पडला, त्याची बहुतेक फौजही पडली. नॉर्थम्ब्रियातल्याच एका मठात तेव्हा बीड नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा शिकत होता. पुढे तो मोठा इतिहासकार झाला. ७३१ साली त्याने लिहिलं, की या पराभवापासून नॉर्थम्ब्रियाच्या राज्याची उमेद आणि ताकद ओहोटीला लागली.

हा पराभव करणारे लोक म्हणजे पिक्ट, आणि त्यांचा राजा बिलीचा मुलगा ब्रिडेई. ब्रिटनच्या उत्तर भागात पुढे एक वेगळं राज्य उभं राहिलं, त्यात या लढाईचा वाटा मोठा आहे. पण तिची हकीकत आपल्याला मिळते ती हरलेल्यांकडून आणि आयर्लंडच्या मठांमधल्या सालवार नोंदींतून. जिंकणाऱ्यांनी लिहिलेला एक शब्दही या लढाईबद्दल उरलेला नाही.

पिक्टांविषयीचे गैरसमज इथूनच सुरू होतात. रोमनांनी लिहिलं, नॉर्थम्ब्रियाच्या मठवाशांनी लिहिलं, आयरिश साधूंनी लिहिलं, आणि पुढच्या काळातल्या कथेकऱ्यांनी त्यात मन मानेल तशी भर घातली. त्यातून 'गूढ लोक' ही प्रतिमा तयार झाली. अंगभर गोंदवलेले, कुणालाही न कळणारी भाषा बोलणारे, दगडांवर विचित्र खुणा कोरून एके दिवशी नाहीसे झालेले लोक. गेल्या तीसेक वर्षांच्या उत्खननांनी आणि जुन्या ग्रंथांच्या नव्या वाचनाने ही प्रतिमा बरीचशी मोडीत काढली आहे. ती मोडायलाच हवी होती, असं मला मनापासून वाटतं. एका संपन्न, संघटित समाजाला 'गूढ' म्हणून बाजूला ठेवलं, की त्याचा अभ्यास करण्याची गरजच वाटेनाशी होते.

आधी नकाशा समजून घेऊ. स्कॉटलंडच्या कमरेला दोन्ही बाजूंनी समुद्र आत घुसला आहे. पूर्वेला फोर्थची खाडी, पश्चिमेला क्लाइडची. या दोन खाड्यांच्या रेषेच्या उत्तरेकडचा, मुख्यतः पूर्वेचा प्रदेश म्हणजे पिक्टांची भूमी. आजचे फाइफ, अँगस, अॅबरडीनशायर, मरे, रॉस हे भाग त्यात येतात, आणि उत्तरेची ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटंही. डोंगराळ पश्चिमेपेक्षा पूर्वेची ही किनारपट्टी सुपीक आहे. जव आणि ओट पिकवणारे, गुरं राखणारे हे शेतकरी लोक होते.

रोमन सैन्य इथे पहिल्यांदा पोचलं ते इ.स. ७९ नंतर, अॅग्रिकोला नावाच्या सुभेदाराच्या हाताखाली. रोमनांनी लढाया जिंकल्या, पण मुलूख त्यांच्या ताब्यात राहिला नाही. १२२ साली सम्राट हेड्रियनने आजच्या उत्तर इंग्लंडमध्ये भिंत बांधायला घेतली. वीसेक वर्षांनी त्याच्या वारसाने आणखी उत्तरेला, थेट फोर्थ आणि क्लाइडच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, मातीच्या ढेकळांची दुसरी भिंत उभारली. दुसरी भिंत जेमतेम वीस वर्षं वापरात राहिली. २०८ साली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस जातीने मोहिमेवर आला आणि २११ साली यॉर्कमध्येच वारला. त्यानंतर रोमनांनी या भागावर कायमचा ताबा मिळवण्याचा नाद सोडल्यातच जमा होता.

'पिक्ट' हे नाव लिखित स्वरूपात पहिल्यांदा येतं ते २९७ सालच्या एका लॅटिन स्तुतिपर भाषणात, म्हणजे रोमनांची उत्तरेशी दोनशे वर्षं झटापट झाल्यावर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रंगवलेले किंवा चितारलेले लोक. सीमेपलीकडच्या अनेक टोळ्यांना दिलेलं हे सरसकट नाव होतं. गोंदणाच्या सगळ्या कथेला एवढाच आधार आहे: हे नाव, आणि दुरून लिहिणाऱ्या काही लेखकांची वाक्यं. त्वचा टिकून राहिलेलं एकही पिक्ट शरीर सापडलेलं नाही. त्यांनी स्वतः कोरलेल्या दगडांवरची माणसं तर अंगरखे घातलेली आहेत. गोंदण असेलही, पण त्यावर अख्ख्या समाजाची ओळख बेतण्याइतका पुरावा नाही.

रोमन सत्तेचा एक परिणाम मात्र खणखणीत पुराव्यानिशी दिसतो, तो म्हणजे चांदी. स्कॉटलंडमध्ये त्या काळी चांदीच्या खाणी चालत नव्हत्या, तरी पिक्टांकडे चांदी भरपूर होती. ईशान्येला गॉलक्रॉस इथे १८३८ साली चांदीचा एक साठा सापडला होता. त्यातल्या तीनच वस्तू टिकल्या. २०१३ साली त्याच शेतांमध्ये पुन्हा शोध घेतला तेव्हा शंभरहून जास्त तुकडे हाती लागले. रोमन नाणी, भांड्यांचे कापलेले तुकडे, बांगड्यांचे अवशेष. रोमन लोक सीमेपलीकडच्या सरदारांना चांदी देऊन शांत ठेवत. काही चांदी लुटीतूनही आली असणार. उत्तरेत ती कापली गेली, वितळवली गेली आणि तिचे जाडजूड दुपदरी साखळ्यांसारखे दागिने झाले. ज्याच्या गळ्यात अशी साखळी, तो मोठा माणूस. म्हणजे साम्राज्याच्या बाहेर राहूनही साम्राज्याच्या मालावर इथले सरदार मोठे होत होते आणि त्यातून राजघराणी उभी राहत होती.

अशा एका सत्ताकेंद्राची जागा आता नीट खणून झाली आहे. अॅबरडीनशायरमध्ये ऱ्हायनी नावाचं छोटंसं गाव आहे. गावाजवळच्या शेतात एक दगड पूर्वीपासून उभा आहे. त्यावर सॅमन मासा आणि एक विलक्षण प्राणी कोरलेला. १९७८ साली त्याच शेतात नांगराला आणखी एक मोठी शिळा लागली. तिच्यावर दाढीवाला, टोकदार दात दाखवणारा, खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड घेऊन चाललेला पुरुष आहे. लोक त्याला 'ऱ्हायनी मॅन' म्हणतात. २०११ पासून अॅबरडीन विद्यापीठाचे गॉर्डन नोबल आणि त्यांचे सहकारी तिथे खणू लागले. निघालं ते एका शेतकऱ्याच्या वस्तीपेक्षा फार वेगळं होतं. लाकडी खांबांचं कुंपण, खंदक, मोठ्या इमारतींच्या खुणा, धातूच्या ओतकामाचे साचे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडून आलेल्या मद्याच्या रांजणांच्या खापऱ्या निघाल्या, आणि आजच्या फ्रान्सच्या बाजूने आलेल्या काचेच्या पेल्यांचे तुकडेही. शिवाय कुऱ्हाडीच्या आकाराची एक छोटी लोखंडी टाचणी मिळाली, शिळेवरच्या माणसाच्या खांद्यावर आहे अगदी तशीच कुऱ्हाड.

हा सगळा ऐवज पाचव्या-सहाव्या शतकातला. रोमन सैन्य ब्रिटन सोडून गेल्याला शंभर वर्षं होत आली होती. पश्चिम युरोपात साम्राज्य कोसळलं होतं. आणि तेव्हा उत्तर स्कॉटलंडच्या एका खोऱ्यात कुणीतरी भूमध्य समुद्राकडून आलेली दारू फ्रान्समधल्या पेल्यांतून पीत होतं. 'जगाच्या टोकावरचे रानटी' ही कल्पना इथे टिकत नाही.

ऱ्हायनीच्या मागेच टॅप ओ' नॉथ नावाचा ५६० मीटर उंचीचा डोंगर आहे. माथ्यावर दगडी तटबंदी आहे, ती फार जुनी, पिक्टांच्याही आधीची. तिच्याखालच्या उतारावर मात्र एक मोठं आवार आहे आणि त्यात घरांसाठी सपाट केलेल्या जागा दिसतात. विमानातून लेझर किरण सोडून जमिनीचे बारीक चढउतार मोजण्याचं तंत्र आणि ड्रोनची छायाचित्रं यांच्या आधारे संशोधकांनी या जागा मोजल्या, तर आकडा आठशेच्या आसपास गेला. २०२० साली कार्बन कालमापनाचे निष्कर्ष जाहीर झाले आणि या वस्तीतला काही भाग तिसऱ्या ते सहाव्या शतकातला निघाला. सगळी घरं एकाच वेळी नांदती होती असं यातून सिद्ध होत नाही. तरीही इतक्या मोठ्या प्रमाणावर लोक एका डोंगरावर जमत होते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता दगडांकडे येऊ. पिक्ट म्हटलं की आधी आठवतात ते हेच.

दोनशेहून जास्त दगडांवर त्यांनी चिन्हं कोरलेली आहेत. चिन्हांचे प्रकार साधारण तीस-चाळीस. चंद्रकोर आणि तिच्यावरून जाणारी मोडकी बाणासारखी काठी. आडव्या पट्टीने जोडलेल्या दोन चकत्या. साप, गरुड, लांडगा, बैल, सॅमन मासा. आरसा आणि कंगवा. आणि तो विलक्षण प्राणी, लांब मुस्कटाचा, पाय आत वळवलेला, डोक्यावरून मागे जाणारा तुरा असलेला. तो डॉल्फिन आहे की काल्पनिक पशू, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ऑर्कनीपासून फाइफपर्यंत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात हीच चिन्हं त्याच ठेवणीने येतात. कोरणारा कुणीही असो, चंद्रकोर कशी काढायची हे ठरलेलं होतं. हौस म्हणून कोरलेल्या चित्रांत इतकी शिस्त नसते.

आणि चिन्हं बहुधा जोडीने येतात. दोन चिन्हं एकाखाली एक, कधी त्यांच्या सोबतीला आरसा-कंगवा. यावरून बऱ्याच अभ्यासकांचा कल असा झाला आहे की या जोड्या म्हणजे माणसांची नावं असावीत. त्या काळच्या ब्रिटनमध्ये आणि आसपास दोन पदांची नावं सर्रास होती. २०१० साली काही संशोधकांनी चिन्हांच्या क्रमाचं गणित मांडलं आणि तो क्रम लिखित भाषेसारखा वागतो असा दावा केला. त्यावर आक्षेपही आले, कारण सामग्री थोडी आहे आणि गणिताचा निकाल पुरेशा सामग्रीवरच भरवशाचा ठरतो. वाचता येईल असा उलगडा अजून झालेला नाही. एकाच दगडावर पिक्ट चिन्हं आणि त्यांचंच ओळखीच्या लिपीतलं रूप, असं काही सापडलं तरच तो होईल.

ही चिन्हं आली कधी, हा प्रश्नही फार काळ लोंबकळत होता. दगडाचं वय थेट मोजता येत नाही. त्याच्या भोवतालच्या मातीतला कोळसा किंवा हाड मिळालं, तर त्यावरून अंदाज बांधता येतो. पण बहुतेक दगड मूळ जागेवरून हललेले आहेत. कुणी चर्चच्या भिंतीत बसवले, कुणी कुंपणात. याला एक मोलाचा अपवाद म्हणजे डनिकेअर. स्टोनहेवनजवळ समुद्रात उभा असलेला हा एक सुटा कडा. १८३२ साली काही तरुण वर चढले आणि तिथल्या ढासळत्या भिंतीत त्यांना चिन्हं कोरलेले दगड दिसले. २०१५ पासून गिर्यारोहकांच्या मदतीने पुरातत्त्वज्ञ वर गेले. तिथली तटबंदीची वस्ती तिसऱ्या-चौथ्या शतकातली निघाली. म्हणजे रोमन साम्राज्य ऐन भरात असताना त्याच्या सीमेपलीकडे या चिन्हांची सुरुवात झाली असावी. रोमन शिलालेख त्यांनी पाहिलेले होते. लॅटिन अक्षरं तशीच न उचलता त्यांनी आपली स्वतःची पद्धत घडवली, आणि मला त्यांच्या कर्तबगारीत ही गोष्ट फार मोठी वाटते.

पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि दगडांचं रूप बदललं. सुरुवातीचे दगड ओबडधोबड, त्यांवर नुसत्या कोरीव रेषा. नंतर घडीव शिळा आल्या. एका बाजूला वेलबुट्टीने भरलेला मोठा क्रूस, दुसऱ्या बाजूला शिकारीची किंवा लढाईची दृश्यं, आणि त्यांतच जुनी चिन्हं. नवव्या शतकाकडे जाताना चिन्हं गेली आणि क्रूस तेवढा राहिला. ही तीन टप्प्यांची मांडणी अॅलन आणि अँडरसन या दोघांनी १९०३ साली केली आणि थोड्याफार दुरुस्तीनिशी ती आजही वापरतात.

अँगसमधल्या अॅबरलेम्नो गावी चर्चच्या आवारात अशी एक शिळा आहे. तिच्या मागच्या बाजूला लढाई कोरली आहे. घोडेस्वार, त्यांच्यातल्या काहींच्या डोक्याला नाकावर पट्टी येणारं शिरस्त्राण, ढाल-भाले घेऊन रांगेने उभे पायदळ, आणि खाली कोपऱ्यात पडलेला एक योद्धा, ज्याच्या तोंडाशी पक्षी टोच मारतो आहे. आपल्याकडे वीरगळ कसा वाचायचा हे ठाऊक असतं. खालून वर जायचं, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. ही रीत लोकांच्या स्मरणात टिकली, म्हणून दगडावर नाव नसलं तरी अर्थ लागतो. अॅबरलेम्नोच्या दगडाची वाचायची रीत कुणाच्या आठवणीत उरली नाही. त्यामुळे हा पडलेला योद्धा राजा एजफ्रिथच, असं म्हणण्याचा मोह होतो, कारण डनिकन ही त्या लढाईची मानली गेलेली जागा इथून जवळ आहे. पण लढाई आणखी उत्तरेला, बॅडनॉखमधल्या डनॅक्टन इथे झाली असंही एक मत आहे, आणि बीडने केलेलं डोंगरांचं वर्णन त्या जागेला जास्त जुळतं.

या मताला बळ आलं ते २००६ साली. पिक्ट राज्यांमधलं सर्वांत बलाढ्य राज्य फोर्ट्रिउ. ६८५ ची लढाई जिंकणारा ब्रिडेई तिथलाच राजा. हे राज्य दक्षिणेत, पर्थच्या आसपास होतं असं एकोणिसाव्या शतकापासून सगळी पुस्तकं सांगत आली होती. इतिहासकार अॅलेक्स वुल्फ यांनी मूळ नोंदी पुन्हा तपासून दाखवलं की फोर्ट्रिउ उत्तरेला, मरेच्या आखाताभोवती होतं. एका लेखाने एका राज्याचं मध्यवर्ती ठिकाण डोंगररांगेच्या पलीकडे नेलं. गेल्या काही वर्षांत उत्तरेकडच्या उत्खननांवर इतका भर आला, त्यामागे हेही कारण आहे.

बीडचं आणखी एक विधान खूप गाजलं. पिक्ट सिथियातून, म्हणजे काळ्या समुद्राच्या पलीकडून, बायका न घेता आले. आयरिश लोकांनी त्यांना बायका दिल्या, पण अट घातली की वारशाचा वाद झाला तर राजा आईच्या कुळातून निवडायचा. यावरून 'पिक्टांमध्ये मातृवंशीय पद्धत होती' असं दीडशे वर्षं लिहिलं गेलं. राजांच्या याद्यांमध्ये सुरुवातीला मुलगा बापामागून गादीवर येताना सहसा दिसत नाही, हेही पुढे केलं गेलं. पण बीड स्वतः 'वाद झाला तर' असं म्हणतो, हे लोक विसरले. २०२३ साली पिक्ट काळातल्या सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बॅलिंटोर आणि लंडिन लिंक्स इथल्या दोन व्यक्तींचे संपूर्ण जनुकीय आराखडे त्यात होते. त्या दोघांचं नातं आधीच्या लोहयुगात ब्रिटनमध्येच राहणाऱ्या लोकांशी जुळलं. परदेशातून आल्याची खूण सापडली नाही. लंडिन लिंक्सच्या दफनभूमीतल्या सात जणांच्या आईकडून येणाऱ्या जनुकांचीही तपासणी झाली. मुली लग्नानंतर माहेरीच राहत असत्या, तर ही जनुकं एकसारखी दिसली असती. ती वेगवेगळी निघाली. सातच माणसांवरून सगळ्या देशाची चाल ठरत नाही, पण जुन्या सिद्धान्ताला यातून आधार मिळत नाही एवढं नक्की.

भाषेचंही तसंच. संत कोलंबा हा आयरिश साधू ५६० च्या दशकात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि आयोना बेटावर त्याने मठ स्थापला. त्याच्या चरित्रात सांगितलंय की पिक्टांच्या मुलखात उपदेश करताना त्याला दुभाषा लागला. म्हणजे भाषा आयरिशपेक्षा वेगळी होती. १९५५ साली एका नामवंत भाषातज्ज्ञाने असं मांडलं की पिक्टांच्या दोन भाषा होत्या आणि त्यांतली एक युरोपातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. गूढतेच्या आवडीला हे फार रुचलं. पण पुढे कॅथरीन फोर्साइथ यांनी शिलालेख बारकाईने तपासून या मताला उत्तर दिलं. आज बहुतेकांचं म्हणणं असं आहे की पिक्टांची भाषा केल्टिक होती आणि जुन्या वेल्शला जवळची होती. अॅबरडीन, अॅबरलेम्नो यांतला 'अॅबर' म्हणजे नदीचं मुख, आणि तो शब्द वेल्समधल्या गावांच्या नावांतही तसाच आहे.

पिक्टांनी काही लिहिलंच नाही, हा समज पोर्टमाहोमॅकने खोडून काढला. रॉसमधल्या टार्बट द्वीपकल्पाच्या टोकाचं हे मच्छीमार गाव. यॉर्क विद्यापीठाच्या मार्टिन कार्व्हर यांच्या नेतृत्वाखाली १९९४ ते २००७ या काळात इथे खोदकाम झालं आणि एक अख्खा मठ उघडा झाला. पिक्टांच्या मुलखातला पुरातत्त्वीय खोदकामातून उजेडात आलेला हा पहिलाच मोठा मठ. तिथे एक कारखाना होता, ज्यात वासरांच्या कातड्यापासून लिहिण्याचं चर्मपत्र बनवत. कातडं ताणून बसवायला वापरलेले हाडाचे खुंटे आणि गोटे सापडले, कातडं खरवडायची वक्राकार सुरी सापडली, चुन्यासाठी जाळलेले शिंपले सापडले. शेजारी काच आणि धातूकाम करणाऱ्यांच्या भट्ट्या. चर्मपत्र बनवणं हा महागडा, वेळखाऊ उद्योग आहे. एका पुस्तकासाठी कितीतरी वासरं लागतात. ज्याला पुस्तकं करायची नाहीत तो या भानगडीत पडणार नाही. तेव्हा पिक्टांच्या मठात ग्रंथ लिहिले जात होते. ते आज उरलेले नाहीत, इतकंच.

ग्रंथांशी असलेल्या या जवळिकीला बीडचाही दुजोरा आहे. ७१० नंतरच्या काही वर्षांत पिक्टांचा राजा नेक्टन याने नॉर्थम्ब्रियातल्या मठाधिपती केओलफ्रिथला निरोप पाठवला, की ईस्टरची तारीख ठरवण्याची रोमन पद्धत मला समजावून सांगा, आणि दगडी चर्च बांधण्यासाठी कारागीर पाठवा. केओलफ्रिथचं लांबलचक उत्तर बीडने पूर्ण उतरवून ठेवलं आहे. ते राजासमोर वाचलं गेलं, त्याच्या भाषेत उलगडून सांगितलं गेलं. राजाने नवी पद्धत स्वीकारली आणि तिची कोष्टकं उतरवून आपल्या सगळ्या प्रांतांत पाठवायचा हुकूम दिला. हे वाचताना मला कायम वाटतं, की तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या राजाला आपल्या लोकांनी मारलं, त्यांच्याकडेच ज्ञान मागायला जाणारा हा राजा मोठ्या मनाचा आणि फार धोरणी असला पाहिजे.

पोर्टमाहोमॅकचा शेवट वाईट झाला. ८०० च्या आसपास कारखान्याला आग लागली. कोरीव क्रूस फोडले गेले, आणि त्यांचे तुकडे राखेच्या थरावर पडलेले सापडले. काही सांगाड्यांवर तलवारीचे घाव आहेत. हल्लेखोर कोण होते हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तो काळ उत्तरेकडून व्हायकिंग गलबतं येऊ लागल्याचा आहे. जागा मात्र ओसाड पडली नाही. आगीनंतरही तिथे धातूकाम चालू राहिलं.

८३९ साली व्हायकिंगांनी फोर्ट्रिउच्या लोकांवर मोठा विजय मिळवला. राजा इओगनान मारला गेला, त्याचा भाऊ ब्रान मारला गेला, आणि आयरिश नोंदीनुसार इतरही असंख्य. अख्खं राजघराणं एका लढाईत खिळखिळं झालं. या पोकळीत काही वर्षांत पुढे आला तो अल्पिनचा मुलगा किनेथ. शाळेच्या पुस्तकांतला 'स्कॉटलंडचा पहिला राजा' तो हाच. पश्चिमेच्या गेलिक, म्हणजे आयरिशशी नातं असलेली भाषा बोलणाऱ्या, लोकांचा राजा येतो, पिक्ट सरदारांना मेजवानीला बोलावतो आणि दगा देऊन कापून काढतो, ही गोष्ट किनेथनंतर तीनशे वर्षांनी लिहिली गेली. ८५८ साली किनेथ वारला, तेव्हा त्याच्या काळातल्या नोंदीत त्याला 'पिक्टांचा राजा' म्हटलं आहे. त्याच्यामागून आलेला त्याचा भाऊ आणि त्याचे दोन मुलगे, तेही पिक्टांचेच राजे. मग ९०० साली त्याच्या नातवाच्या मृत्यूची नोंद येते, आणि त्यात शब्द बदलतो: 'आल्बाचा राजा'. आल्बा हे स्कॉटलंडचं गेलिक नाव. राज्य तेच, घराणं तेच, नाव नवं.

भाषा मात्र खरोखर गेली. हळूहळू, काही पिढ्यांत, गेलिक सर्वत्र बोलली जाऊ लागली. चर्चची भाषा ती, दरबारात चढत गेलेली भाषा ती. हे दोन समाज एकमेकांत कसे मिसळले, ते गावांच्या नावांत दिसतं. पिटलॉक्री, पिटनवीम, पिटमेडन, अशी पिट-ने सुरू होणारी शेकडो नावं पूर्व स्कॉटलंडभर आहेत. पिट म्हणजे जमिनीचा वाटा, आणि तो पिक्टांच्या भाषेतून आलेला शब्द. पण नावाचा उरलेला अर्धा भाग बहुतेक वेळा गेलिक असतो. गेलिक बोलणाऱ्यांनी त्याच जमिनी, त्याच हद्दी, त्याच शब्दाने मोजल्या. कत्तल होऊन गेलेल्या मुलखात असं घडत नाही.

तरीही १२ व्या शतकात हेन्री ऑफ हंटिंग्डन हा इंग्लिश इतिहासकार लिहून गेला, की पिक्ट नष्ट झाले, त्यांची भाषा इतकी पुसली गेली की जुन्या ग्रंथांतला त्यांचा उल्लेखच दंतकथा वाटावी. त्यानंतरच्या एका नॉर्वेजियन इतिहासग्रंथात तर ते बुटके लोक होऊन बसले. सकाळ-संध्याकाळ अचाट बांधकामं करणारे आणि दुपारी शक्ती जाऊन जमिनीखाली लपणारे. गूढ पिक्टांची सगळी परंपरा या अशा लिखाणातून आली आहे.

दगडांचे हालही याच विस्मरणाने झाले. हिल्टन ऑफ कॅडबॉलची शिळा हे त्याचं ठळक उदाहरण. तिच्यावर शिकारीचं देखणं दृश्य आहे, आणि त्यात घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेली, छातीवर मोठं पदक लावलेली एक स्त्री, शेजारी आरसा-कंगवा. १६७६ साली दुसऱ्या बाजूचा संपूर्ण क्रूस छिन्नीने उडवून तिथे एका गृहस्थाचा आणि त्याच्या तीन बायकांचा स्मृतिलेख कोरला गेला. उडवलेल्या क्रूसाचे हजारो तुकडे आणि शिळेचा तुटलेला पाया या शतकाच्या सुरुवातीला मूळ जागेजवळ मातीतून मिळाले. मुख्य शिळा आता एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आणि अजूनही दगड मिळतच आहेत. अॅबरलेम्नोजवळ जमिनीखालचे अवशेष शोधणारी उपकरणं फिरवताना अॅबरडीन विद्यापीठाच्या चमूला १.७ मीटर लांबीची चिन्हशिळा सापडली. २०२२ साली ती जाहीर झाली. ११ व्या-१२ व्या शतकात कुणीतरी ती एका इमारतीत फरशी म्हणून बसवली होती.

मरेच्या किनाऱ्यावरच्या बर्गहेडला मात्र सगळ्यात जास्त घाई आहे. पिक्टांचा ज्ञात असलेला हा सर्वांत मोठा किल्ला. १८०० नंतर इथे नवं गाव वसवताना अर्धा किल्ला बुलडोझर नसतानाही सपाट केला गेला. बैल कोरलेले पंचवीस-तीस दगड तेव्हा निघाले होते, त्यांतले सहाच आज उरले आहेत. उरलेल्या जागेत काही शिल्लक नसेल असं मानून दोनशे वर्षं कुणी फारसं खणलं नाही. २०१५ पासूनच्या खोदकामात तिथे घरांच्या जमिनी, चुली आणि इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचं नाणं मिळालं. म्हणजे नवव्या शतकाच्या शेवटी, आल्बा हे नाव रूढ होण्याच्या सुमारास, या किल्ल्यात लोक नांदत होते आणि दूरवर व्यवहार करत होते. नेमका हाच बदलाचा काळ आपल्याला सर्वांत कमी कळलेला आहे, आणि बर्गहेडच्या समुद्राकडच्या बाजूचे थर दरवर्षीच्या लाटांनी कोसळत आहेत. त्यामुळे तिथे पुढे काय खणायचं हे पुरातत्त्वज्ञांपेक्षा समुद्रच जास्त ठरवतो आहे.